ॲपल पाय : पदार्थ राहिला, मेहनत गेली

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहून परत आलेल्या आईवडिलांची रक्ततपासणी हा आता जिल्ह्याच्या गावातील डॉक्टरांच्याही नेहमीच्या कामाचा भाग झाला आहे. वजन चार-पाच किलोंनी वाढलेले असते, उपाशीपोटीची साखर चढलेली असते आणि गुन्हेगार कोण हे रुग्णाने आधीच ठरवलेले असते. "डॉक्टर, तिकडे तो ॲपल पाय खाल्ला ना, त्यानेच झाले!" असे काही जण सांगतात. दुसऱ्या प्रकारचे रुग्ण नेमके उलट सांगतात. "पाय काय, सूनबाईंनी घरी केलेला होता. सफरचंदाचा होता. म्हणजे फळच की! त्याने कशी साखर वाढेल?"

ही दोन्ही मते मला पटत नाहीत. एका पदार्थाला फासावर चढवून आपण सुटत नाही आणि 'घरचे' किंवा 'फळाचे' म्हणून कोणताही पदार्थ औषध होत नाही. ॲपल पाय हा पदार्थ आरोग्याच्या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे. तो काय होता, कोण करत होते, कोण खात होते आणि पुढे त्याचे काय झाले हे पाहिले, तर आपल्या करंजीचे, चिरोट्याचे आणि चहाबरोबरच्या खारीचे काय होत आहे तेही कळते.

पाय म्हणजे काय?

ज्यांनी पाय पाहिलेला नाही त्यांनी एक भली मोठी, गोल, बशीएवढी करंजी डोळ्यांसमोर आणावी. खाली मैद्याची पारी, मध्ये सफरचंदाचे सारण, वर पुन्हा पारी. फरक एवढाच की तो तळत नाहीत, भट्टीत भाजतात.

'ॲपल पायइतका अस्सल अमेरिकन' अशी म्हण तिकडे असली तरी पदार्थ मूळचा अमेरिकेचा नाही. सफरचंदाचे झाड मध्य आशियातले, आजच्या कझाकस्तानच्या डोंगरांतले. इंग्लंडमध्ये राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांच्या पाककृतींचा जो संग्रह १३९० च्या सुमाराचा मानला जातो, त्यात सफरचंदाच्या पायची कृती आहे. तिच्यात सफरचंदाबरोबर अंजीर, मनुका, पेअर, केशर आणि मसाले आहेत, साखर मात्र नाही. त्या काळी युरोपात साखर अत्यंत महाग होती. फळांचा गोडवा पुरेसा मानला जाई. म्हणजे आज पायचे मुख्य पाप म्हणून आपण जिच्याकडे बोट दाखवतो, ती साखर त्याच्या जन्माच्या वेळी त्यात नव्हतीच.

युरोपातून गेलेल्या वसाहतवाल्यांबरोबर सफरचंद आणि पाय दोन्ही अमेरिकेत पोचले. १७९६ मध्ये अमेलिया सिमन्स या बाईंचे 'अमेरिकन कुकरी' हे पुस्तक निघाले. अमेरिकन व्यक्तीने लिहिलेले ते पहिले पाकपुस्तक समजले जाते आणि त्यात ॲपल पाय आहे. एकोणिसाव्या शतकात न्यू इंग्लंडच्या शेतकरी घरांत तर पाय सकाळच्या न्याहारीलाही असे. पाय आठवड्यातून दोनदाच खावा, अशी सूचना कोणीतरी केली तेव्हा १९०२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अग्रलेख लिहून तिची खिल्ली उडवली होती. दोनदा म्हणजे फारच कमी, असा त्यांचा सूर होता!

इथे चाणाक्ष वाचक विचारतील, रोज पाय खाऊन ती माणसे जगली कशी? त्याचे उत्तर पुढे येईल. आधी पाय घरी कसा होतो ते पाहू, कारण त्या कृतीतच निम्मे उत्तर दडलेले आहे.

घरी पाय करण्याचा खटाटोप

जुने प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे. वजनाने तीन भाग मैदा, दोन भाग लोणी, एक भाग पाणी. नऊ इंची भांड्याला ३०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम बिनमिठाचे बटर आणि सुमारे १०० ग्रॅम बर्फाचे पाणी लागते. चिमूटभर मीठ घालायचे. बटर अगदी थंड हवे. त्याचे लहान तुकडे मैद्यात टाकून बोटांच्या टोकांनी चोळायचे, पण पूर्ण एकजीव करायचे नाही. वाटाण्याएवढे गोळे राहिले पाहिजेत. मग चमच्याचमच्याने थंड पाणी घालून पीठ जेमतेम गोळा करायचे. पोळीच्या कणकेसारखे तिंबले की गव्हातील प्रथिनांना चिवटपणा येतो आणि पारी चामड्यासारखी होते. गोळा झाकून तासभर फ्रिजमध्ये ठेवायचा.

आपल्या सुगरणींना यातले शास्त्र चटकन कळेल. करंजीच्या पारीत आपण कडकडीत तुपाचे मोहन घालतो. पातळ तूप पिठाच्या कणाकणाला माखते, म्हणून करंजी खुसखुशीत होते. चिरोट्याला पोळ्यांमध्ये साटा लावतो, म्हणून पापुद्रे सुटतात. पायमध्ये थंड लोण्याचे गोळे साट्याचे काम करतात. भट्टीत लोणी वितळते, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती पिठाचे पदर उचलून धरते. म्हणजे कुरकुरीतपणा स्निग्ध पदार्थामुळे येतो, हे तत्त्व अमेरिकेच्या आजीला आणि आपल्या आजीला सारखेच ठाऊक होते. हा स्निग्ध पदार्थ कोणता, या प्रश्नावर पुढची सारी कथा उभी आहे.

सारणासाठी सोलून, बिया काढून, पातळ चिरलेली एक किलो सफरचंदे घ्यायची. १२५ ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस, एक लहान चमचा दालचिनीची पूड आणि रस घट्ट व्हावा म्हणून दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर. तिकडे पायसाठी ग्रॅनी स्मिथसारखी हिरवी, आंबट आणि कडक सफरचंदे पसंत करतात, कारण ती भाजल्यावर लगदा होत नाहीत. आपल्या बाजारात बहुतेक हिमाचल आणि काश्मीरची लाल, गोड जात येते. हिमाचलच्या कोटगढ भागात ही अमेरिकन लाल जात १९१६ मध्ये सॅम्युएल स्टोक्स यांनी लावली. हा फिलाडेल्फियाचा तरुण १९०४ मध्ये कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी भारतात आला आणि इथलाच झाला. हे फळ कच्चे खायला उत्तम, पण भाजल्यावर मऊ पडते. त्यामुळे लिंबू थोडे जास्त आणि साखर बरीच कमी घातली तरी चालते.

भांड्यात खालची पारी अंथरून सारण भरायचे, वरची पारी लावून कडा मुडपायच्या आणि वाफ जायला वर चार-पाच चिरा द्यायच्या. ओव्हन आधी तापवून २२० अंश सेल्सिअसला वीस मिनिटे आणि मग १८० अंशाला सुमारे चाळीस मिनिटे भाजायचे. चिरांतून रस खदखदताना दिसला की पाय झाला. लगेच कापला तर सारे सारण वाहून जाते, म्हणून किमान तीन तास निवू द्यायचा.

दोन वैद्यकीय सूचना इथेच करतो. पहिली, कच्च्या पिठाचा गोळा मुलांना चाटू देऊ नये. पीठ कोरडे दिसते म्हणून ते जंतुरहित नसते. २०१६ मध्ये अमेरिकेत कच्च्या पिठातून ई-कोलाय या जंतूची साथ पसरली होती. दुसरी सूचना दालचिनीबद्दल. दालचिनीने मधुमेह बरा होतो या समजुतीने चमचाचमचा पूड गिळणारे रुग्ण आहेत. त्याला भक्कम शास्त्रीय आधार नाही. शिवाय आपल्याकडे दालचिनी म्हणून विकली जाणारी जाड साल बहुधा कॅशिया जातीची असते. तिच्यात कुमारिन नावाचे द्रव्य असते आणि ते जास्त प्रमाणात रोज पोटात गेले तर यकृताला त्रासदायक ठरते. सुवासापुरती चिमूट चांगली, औषध म्हणून नको.

एका तुकड्याचा हिशेब

आता या पायचे आठ तुकडे करू. मैद्याचे सुमारे १,१०० उष्मांक, लोण्याचे १,४०० च्या वर, साखरेचे ५०० आणि सफरचंदांचे जवळपास तेवढेच. बेरीज साडेतीन हजारांच्या आसपास जाते. एका तुकड्यात साधारण ४४० उष्मांक येतात, म्हणजे मध्यम आकाराच्या ज्वारीच्या दोन भाकऱ्यांइतके. ६० किलो वजनाच्या माणसाला ते खर्च करायला दोन तास चालावे लागेल. पायवर आइस्क्रीमचा गोळा ठेवण्याची तिकडे पद्धत आहे. तो ठेवला तर आणखी सव्वाशे ते दीडशे उष्मांक धरा.

मधुमेहींनी पुढचे आकडे नीट वाचावेत. एका तुकड्यात वरून घातलेली साखर १६ ग्रॅम, म्हणजे चहाचे चार चमचे. सफरचंदाची स्वतःची साखर जवळपास तेवढीच. आणि मैद्यातून येणारे पिष्ट सुमारे २८ ग्रॅम! रक्तातील साखर वाढवण्यात मैद्याचा वाटा वरच्या साखरेहून मोठा आहे. म्हणून 'आम्ही शुगर-फ्री पाय केला होता' असे कोणी अभिमानाने सांगितले की मला हसू येते. साखर काढली तरी मैदा आणि लोणी जागच्या जागी असते. शिवाय काही कृत्रिम गोडव्यांची, उदाहरणार्थ ॲस्पार्टेमची, गोडी भट्टीच्या उष्णतेने कमी होते. वजन ताब्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले आहे.

फळाचे काय? सफरचंद सोलले की त्यातील तंतू जवळपास निम्मे होतात. भाजल्यावर क जीवनसत्त्व आणखी घटते, आणि मुळात सफरचंदात ते फारसे नसतेच. आपला पेरू त्या बाबतीत सफरचंदाला कित्येक पटींनी मागे टाकतो. पेक्टिन नावाचा तंतू तेवढा टिकतो. थोडक्यात, सफरचंदाचा पाय खाणे म्हणजे सफरचंद खाणे नव्हे, जसे गाजर हलवा खाणे म्हणजे गाजर खाणे नव्हे.

लोणीही निर्दोष नाही. एका तुकड्यात २० ग्रॅम स्निग्धांश येतो आणि त्यातला सुमारे १३ ग्रॅम संपृक्त असतो. दिवसाला २,००० उष्मांक लागणाऱ्या माणसाने संपृक्त मेद २२ ग्रॅमच्या आत ठेवावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक वाटा एका तुकड्यात संपला.

डब्यातील पांढरी चरबी

हे सारे खरे असले तरी पायच्या इतिहासातील सर्वांत मोठा घात साखरेने केला नाही की लोण्यानेही नाही. तो एका पांढऱ्याशुभ्र, वास नसलेल्या, महिनोन्महिने न खवटणाऱ्या डब्यातल्या पदार्थाने केला.

पूर्वी अमेरिकेत पायच्या पारीत लोणी किंवा डुकराची चरबी घालत. १९०२ मध्ये विल्हेल्म नॉरमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पातळ तेलात हायड्रोजन वायू मिसळून ते घट्ट करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. १९११ मध्ये सिनसिनाटीच्या प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबण बनवणाऱ्या कंपनीने सरकीच्या तेलापासून अशी घट्ट चरबी तयार करून 'क्रिस्को' नावाने बाजारात आणली. चरबीपेक्षा शुद्ध आणि पचायला हलकी अशी तिची जाहिरात झाली. १९१३ मध्ये कंपनीने सहाशेहून अधिक पाककृतींचे पुस्तकच काढले. पारी छान होत असे, पैसे कमी लागत आणि डबा टिकत असे. गृहिणींनी दुसरे काय पाहावे? पायच्या पारीतून लोणी हळूहळू गेले आणि डबा आला. आपल्याकडे हाच प्रकार १९३७ मध्ये 'डालडा'च्या रूपाने आला आणि साजूक तूप न परवडणाऱ्या घरांत दिवाळीच्या करंजीपर्यंत पोचला.

तेल अर्धवट घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट नावाचे मेद तयार होतात. निसर्गात ते दूधदुभत्यात अल्प प्रमाणात असतात, पण कारखान्यात त्यांचे प्रमाण फार वाढे. इलिनॉय विद्यापीठातील फ्रेड कुमेरो या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये हे मेद माणसाच्या शरीरातील ऊतींमध्ये साठलेले आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्याकडे दीर्घकाळ फारसे कोणी लक्ष दिले नाही. उलट पुढच्या काळात लोण्याऐवजी मार्गारीन खा, असा सल्ला अमेरिकेत सर्रास दिला गेला. १९९० मध्ये मेन्सिंक आणि कटान या डच संशोधकांनी दाखवले की ट्रान्स मेद रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल (एलडीएल) वाढवतात आणि त्याच वेळी चांगले (एचडीएल) घटवतात. लोण्यापेक्षा हा दुहेरी मार होता. १९९३ मध्ये परिचारिकांच्या मोठ्या अमेरिकन पाहणीतून हृदयविकाराशी त्यांचा संबंध स्पष्ट झाला.

डेन्मार्कने २००३ मध्ये यावर सर्वप्रथम कायद्याची मर्यादा घातली. अमेरिकेत २००९ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी, कुमेरो यांनी सरकारच्या अन्न व औषध खात्याकडे बंदीची मागणी दाखल केली. उत्तर येईना म्हणून २०१३ मध्ये कोर्टात गेले. २०१५ मध्ये खात्याने निर्णय दिला आणि २०१८ पासून तो अमलात येऊ लागला. कुमेरो २०१७ मध्ये १०२ व्या वर्षी वारले. धोका दिसल्यापासून कायदा होईपर्यंत जवळपास साठ वर्षे गेली! भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जानेवारी २०२१ पासून तेला-वनस्पतीत ३ टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के अशी मर्यादा घातली. तेल वा वनस्पती वापरून केलेल्या खाद्यपदार्थांतील स्निग्धांशालाही ती २ टक्क्यांची मर्यादा लागू आहे. हे चांगलेच झाले.

पण यावरून निर्धास्त होऊ नये. ट्रान्स मेद काढल्यावर घट्टपणासाठी बऱ्याच ठिकाणी पामतेलाचे घट्ट अंश आले आणि तेही संपृक्तच आहेत. 'ट्रान्स फॅट शून्य' हे पाकिटावरचे शब्द वाचून अर्धा किलो खारी आणणाऱ्याने आपली फसगत आपणच करून घेतली, असे म्हणावे लागेल. आणि सुट्या खारीवर, नानकटाईवर, बटरवर तर काही लिहिलेलेच नसते. त्यात कोणती चरबी आहे हे विकणाऱ्यालाही अनेकदा सांगता येत नाही.

मेहनत कुठे गेली?

आता मघाच्या प्रश्नाकडे येऊ. न्यू इंग्लंडचा शेतकरी सकाळी पाय खाऊन करत काय होता? लाकडे फोडत होता, घोड्यामागे नांगर धरत होता, बर्फ उपसत होता. ४४० उष्मांक त्याच्या अंगात दुपारपर्यंतही टिकत नसत. आणि तो पाय करणारी बाई चूल पेटवून, सफरचंदे सोलून, पारी लाटून दिवसाचे काही तास त्यात घालवत होती. तो शेतकरी हृदयविकारापासून मुक्त होता असा माझा दावा नाही. त्या काळी माणसे इतर अनेक रोगांनी लवकर मरत. पण खाणे आणि राबणे यांचा हिशेब त्याच्या घरात बराचसा जुळत होता, एवढे निश्चित.

पुढे पाय गोठवलेल्या खोक्यात दुकानात आला. १९६८ मध्ये तो मॅकडोनाल्ड्सच्या खिडकीतून तळलेल्या रूपात हातात मिळू लागला. अमेरिकेत त्यांनी तो तळण्याऐवजी भाजायला सुरुवात केली ती १९९२ मध्ये. करणाऱ्याची मेहनत संपली. तोपर्यंत खाणाराही मोटारीत जाऊन बसला होता. दोन्हीकडची मेहनत गेली, पदार्थ तेवढा राहिला. माझ्या मते अमेरिकेच्या पायची खरी शोकांतिका ही आहे.

मेहनत हेच गोड पदार्थांवरचे सर्वांत जुने आणि सर्वांत कडक नियंत्रण होते. ते कोणत्याही डॉक्टरच्या तक्त्यात लिहिलेले नव्हते, पण काम चोख करत होते. आमच्या लहानपणी करंज्या करायच्या म्हणजे नारळ खवणे, सारण भाजणे, पीठ कुटणे आणि चार बायकांनी रात्र जागवणे. साहजिकच करंजी वर्षातून एक-दोनदा होई. फराळ तुळशीच्या लग्नापर्यंत पुरला तर घरची माणसे धन्य होत. आज तीच करंजी जून महिन्यात प्लॅस्टिकच्या डब्यात दुकानात मिळते. चिरोटे, शंकरपाळी, बाकरवडी यांना ऋतू राहिलेला नाही. अमेरिकेत पायचे जे झाले, ते आपल्या डोळ्यांदेखत आपल्या फराळाचे होत आहे. फरक असलाच तर आपल्याकडे मधुमेह तुलनेने कमी वयात आणि कमी वजनातही गाठतो. म्हणजे चूक परवडण्याची आपली ऐपत त्यांच्याहूनही कमी आहे.

कोणी म्हणतील, डॉक्टरांना काय, बायकांनी पुन्हा रात्रभर राबावे असे त्यांना वाटते. मुळीच नाही. हे काम पूर्वी एकट्या बायकांवर पडे हा अन्यायच होता. पाय करायचा तर सफरचंदे मुलाने सोलावीत, पारी वडिलांनी लाटावी. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या अनेक घरांत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, नातवंडे आणि आजीआजोबा मिळून पाय करतात. तो दिवस मी माझ्या मधुमेही रुग्णांकडून हिरावून घेणार नाही. शेजारच्या दुकानातून दर रविवारी येणारा खोका मात्र जरूर हिरावून घेईन.

काय करावे?

१. पाय घरी करायचा असेल तर लोण्याचा करावा, पण क्वचित करावा. मार्गारीन किंवा वनस्पती वापरायचेच असेल तर डब्यावरील मजकूर वाचावा. ट्रान्स आणि संपृक्त, दोन्ही आकडे पाहावेत.

२. खालची पारी वगळून फक्त वरची ठेवली तरी पायची मजा जात नाही. मैदा आणि लोणी दोन्ही निम्म्यावर येतात. साखर १२५ ऐवजी ६० ग्रॅम करावी आणि सफरचंदे स्वच्छ धुऊन सालीसकट चिरावीत.

३. आठ तुकड्यांऐवजी बारा करावेत. भरपेट जेवणावर पाय नको. पाय खायचा असेल त्या जेवणात पोळी आणि भात कमी करावा.

४. गोळ्यांवर असलेल्या मधुमेहींनी लहान तुकडा खाऊन दोन तासांनी घरच्या यंत्रावर साखर पाहावी आणि आकडा लिहून ठेवावा. पुढच्या वेळचा तुकडा केवढा हे तो आकडाच सांगेल. गोड खाल्ले म्हणून आपल्या मनाने गोळी वाढवू नये. इन्शुलिन घेणाऱ्यांनी डोसाबाबत आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावे.

५. परदेशी जाणाऱ्या आईवडिलांनी चालण्याचे बूट सोबत न्यावेत आणि ते पेटीतून बाहेर काढावेत. इथे मंडई, देऊळ, बँक करताना नकळत जे चालणे होते ते तिकडे पूर्ण थांबते. वाढलेल्या चार-पाच किलोंमध्ये पायइतकाच, किंबहुना जास्त, वाटा त्या थांबलेल्या चालण्याचा असतो.

६. चहाबरोबर रोज खारी किंवा बटर खाणाऱ्यांनी अमेरिकेच्या पायला नावे ठेवण्यापूर्वी आपली बशी पाहावी. वर्षातून एकदा खाल्लेल्या पायपेक्षा ३६५ दिवसांच्या दोन-दोन खाऱ्या हृदयाला नक्कीच महाग पडतात.

एवढी पथ्ये लक्षात राहत नसतील तर एकच नियम सांगतो. असा गोड पदार्थ ज्या दिवशी घरी सर्वांनी मिळून केला त्या दिवशी तो आनंदाने खावा, शेजारी वाटावा आणि दुसऱ्या दिवशी डबा रिकामा असावा. करायचा कंटाळा आला तर त्या दिवशी खाण्याचाही कंटाळा करावा. हा नियम पायला लागू आहे तसाच करंजीलाही आहे.